श्रीखंडाच्या डब्यातलं सोनं

राजेश्वरी मॅडम घरात तांब्याचं सोनं करतात, ही खबर साताऱ्याच्या आमच्या कॉलनीत रंगूबाईंनी आणली. रंगूबाईंची खबर नळाच्या पाण्याच्या आधी घरोघर पोचते, त्यामुळं संध्याकाळपर्यंत ती गोडोलीच्या भाजीवाल्यालाही ठाऊक झाली होती. पुरावाही भक्कम होता. कुरियरवाला आला तेव्हा मॅडम कॉलेजात होत्या. पुडकं शेजारधर्मानं रंगूबाईंनी ठेवून घेतलं आणि सुनेकडून वाचून घेतलं, तर त्यावर इंग्रजीत ‘गोल्ड’ लिहिलेलं. हाताला मात्र पुडकं काड्यापेटीइतकं हलकं.

“एवढ्याशात सोनं कसलं मावतंय?” गेटाजवळच्या कट्ट्यावरून जयराज हवालदारांनी शंका काढली. पलटणीतून पेन्शन घेऊन आल्यापासून हवालदारांची ड्यूटी त्याच कट्ट्यावर असते.

“आवं, ते बेणं हाय,” रंगूबाई म्हणाल्या. “तांब्यात टाकायचं आन झाकून ठिवायचं. तांबं पिकतंय हळूहळू. इरजणागत.”

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. खरं याच्या बरोबर उलटं होतं. मॅडम सोनं करत नव्हत्या, चांगल्या सोन्याची पिवळी भुकटी करत होत्या. हे कळल्यावर तर कॉलनी जास्तच हबकली. सोनं करणारी बाई शेजारी असली तर ओळख तरी वाढवता येते. सोनं बिघडवणाऱ्या बाईचं काय करायचं?

मॅडमनी रंगूबाईंना ओट्याशी उभं करून सगळं समजावलं, हे त्यांचं मोठेपण. कॅन्सरवर प्लॅटिनमचं औषध कितीतरी वर्षांपासून सलाईनमधून देतात. ते पेशीच्या आत शिरतं, तिथल्या डीएनएच्या धाग्याला चिकटून बसतं आणि पेशीला वाढू देत नाही. गुण येतो, पण ते शरीरातल्या चांगल्या पेशींनाही सोडत नाही. किडनीला त्रास, ओकाऱ्या, अशक्तपणा. म्हणून जगभरातली माणसं प्लॅटिनमच्या जागी दुसरे धातू लावून बघत असतात. कुणी तांबं घेतं, कुणी रुथेनियम. मॅडमच्या वाट्याला सोनं आलं होतं. नुसतं सोनं गिळलं तर ते गिळल्यासारखंच बाहेर येतं. त्याला धरून नेणारे हात लागतात, आणि हे हात कार्बन, नायट्रोजन, गंधक यांचे बनवावे लागतात. पकड फार घट्ट झाली तर सोनं जागेवर पोचूनही सुटत नाही. सैल झाली तर रक्तातच सांडतं. मॅडमची जवानी या पकडीतच गेली होती.

“म्हंजे मुद्देमाल हातात धरून जायचं,” रंगूबाईंनी सार काढलं, “चोराच्याच घरात ठिवायचा, आन वाटंत शेजाऱ्याला धक्का लागू द्यायचा न्हाई.”

“रंगूबाई, तुम्ही उद्यापासून माझ्या वर्गावर या,” मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर सोनं पिकवण्याची बातमी मागं पडली आणि ‘मॅडमच्या फ्रीजमधी क्यान्सरचं औषध हाय’ अशी नवी बातमी निघाली. तीही तेव्हा खोटीच होती. पुढं ती थोडी खरी झाली, आणि तिथंच घोटाळा झाला.

मॅडमचा सोन्याशी संबंध बारशापासूनचा. त्यांचे वडील लालासाहेब, म्हणजे तात्या, विट्याकडच्या गावचे. त्या भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. दागिन्यांची मोड घ्यायची, मुशीत वितळवायची, तेजाबात, म्हणजे कडक ॲसिडात, घालून आतली खोट काढायची आणि सोनं शुद्ध करून सराफाला द्यायचं. याला गलाई म्हणतात. तात्यांनी गलाईचं दुकान मदुराईत टाकलं होतं. राजेश्वरी तिथं जन्मली, तमिळमध्ये भांडायला शिकली आणि दुकानात मुशीच्या उजेडात गृहपाठ करायला लागली. शाळेसाठी तिला विट्याला आणलं तेव्हा ती मराठीत भांडायला शिकली. एवढा एक विषय तिनं दोन भाषांतून पक्का केला.

मदुराईत तिनं एकदा विचारलं होतं, “तात्या, सोनं तेजाबात गेल्यावर दिसत न्हाई, मग असतंय कुठं?” तात्यांनी सांगितलं, “पाण्यात लपून बसतंय. मी बोलावलं की येतंय.” पोरीला ते लपलेलं सोनंच आवडलं. कोल्हापुरात रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, लग्न झालं, नवरा उदयसिंह फौजेत असल्यामुळं कधी जम्मू तर कधी आसाम, आणि मॅडम साताऱ्यातल्या एका कॉलेजात पोरं शिकवता शिकवता तिथल्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत सोनं लपवायला लागल्या.

बाईंच्या सवयी सगळ्या कॉलनीला पाठ होत्या. भांडं कसलंही असो, तीनदा विसळायचं. पुरणपोळीचा गूळ काट्यावर तोलायचा. केसांत पेन्सिल खोचायची आणि मग घरभर पेन्सिल शोधायची. स्वयंपाकघरात तर डब्या-डब्यावर चिठ्ठी. हळद, हळदीची तारीख, हळद कुठून आणली. पाहुण्यांना चहात साखर घालायची तरी आधी वाचावं लागे. “या बाईच्या घरात मुंगीला पण पत्ता विचारायला लागत न्हाई,” असं हवालदार म्हणायचे, ते खोटं नव्हतं.

तर अशा बाईंकडे तात्या राहायला आले. दुकान भाच्याला दिलं होतं, गुडघे दुखत होते, साखर वाढली होती. सामानात कपडे थोडे आणि हत्यारं जास्त. छोटी मूस, चिमटा, टाकणखाराची पुडी, गॅसची फुंकणी. काही म्हातारी माणसं पेटी-तबला घेऊन फिरतात, तसे तात्या मूस घेऊन फिरायचे. आठवड्याभरात कॉलनीतल्या बायका तुटलेली कुडकं, मोडकी नथ, वाकडं पेंडल घेऊन गच्चीवर रांगेत. तात्या फुंकणी लावायचे, खोट जाळायचे आणि सोन्याचा लखलखीत मणी, म्हणजे रवा, तळहातावर ठेवून म्हणायचे, “बघ, आता बोलतंय.”

लेकीच्या कामावर मात्र त्यांचा भरवसा नव्हता.

“चांगल्या सोन्यात कचरा मिसळायचा आन त्याला औषध म्हणायचं,” ते हवालदारांना सांगायचे. “माज्या दुकानात कामगारानं आसं केलं आसतं तर बसच्या टपावर बसवून गावाकडं धाडला आसता.”

त्या वर्षी मॅडमचं नशीब उघडायची चिन्हं होती. पुण्यातल्या एका संशोधन केंद्रानं छोट्या कॉलेजांची संयुगं स्वतःकडच्या कॅन्सरच्या पेशींवर तपासून द्यायचं कबूल केलं होतं. काचेच्या बशीत पेशी वाढवतात, त्यावर औषध घालतात आणि कोण मरतं, कोण जगतं ते मोजतात. तिथं नंबर लागावा म्हणून मॅडमनी किती पत्रं लिहिली आणि किती वेळा फोनवर ‘सर मीटिंगमध्ये आहेत’ ऐकलं, ते त्यांनाच ठाऊक. अखेर नंबर लागला. सोमवारी सकाळी नमुना पुण्यात पोचायला हवा. चुकला तर वर्षभर थांबा, आणि पुढच्या वर्षी ही सोय असेलच असं नाही. नमुना तयार होता. हळदीपेक्षा फिकी अशी चिमूटभर भुकटी, पण ती तशी जमून यायला अख्खा उन्हाळा गेला होता.

नेमकं शुक्रवार-शनिवार कॉलेजची वीज बंद. लाइनचं काम. नमुना थंड ठेवायला हवा, म्हणून मॅडमनी गुरुवारी तो घरी आणला. असलं काही स्वयंपाकघरात आणू नये, हे पोरांना ओरडून शिकवणाऱ्या त्याच. म्हणूनच त्यांनी बाटली सीलबंद केली, पिशवीत घातली, पिशवी एका रिकाम्या डब्यात आणि डबा फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात. सगळ्या घराला चिठ्ठ्या लावणाऱ्या बाईंनी घाईत या एका डब्याला चिठ्ठी लावली नाही. त्यावर कंपनीनं छापलेलं होतं तेच राहिलं. श्रीखंड, आम्रखंड चवीचं.

शनिवारी दुपारी मॅडम कॉलेजात परीक्षेच्या कामावर होत्या. घरात तात्या, साखरेच्या गोळ्या आणि फ्रीज.

संध्याकाळी मॅडम आल्या तर तात्या न्हाऊन, टोपी घालून बसलेले. समोर चांदीची वाटी.

“डोळं मीट,” तात्या म्हणाले.

“तात्या, पाय दुखायलेत माझे. काय ते सांगा.”

“मीट म्हणतो ना!”

वाटी हातात आली. मॅडमनी डोळे उघडले. वाटीच्या तळाला मोहरीपेक्षा जरा मोठा, गोल, झळझळीत रवा.

“शंभर नंबरी,” तात्या म्हणाले. “तुला कुणीतरी फसवलं हुतं बाय. सोनं म्हणून पिठी गळ्यात मारली. लय खोट निघाली, निम्म्याच्या वर धूरच झाला. वास बी काय, छ्या! पण आतलं सोनं खरं हुतं. काढलं सगळं.”

“कशातनं काढलंसा?”

“त्या... फ्रीजमधल्या डब्यातनं.”

मॅडम ओरडल्या नाहीत. फ्रीज उघडला, डबा उघडला, रिकामी बाटली बघितली. मग ओट्यापाशी जाऊन त्यांनी एक स्वच्छ पेला तीनदा विसळला. पुन्हा तीनदा विसळला. हे बघून तात्यांना कळलं की आपलं काहीतरी मोठं चुकलंय. लेक भांडली असती तर ते निश्चिंत झाले असते.

“तात्या,” मॅडम पाठ न वळवता म्हणाल्या, “सोमवारी पुण्याला न्यायचं औषध होतं ते.”

तात्यांचा हात टोपीकडं गेला. “मला वाटलं...”

“आणि श्रीखंडाचा डबा तुम्ही उघडलाच कशाला? डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

गुन्हेगाराला पळायला फट दिसली, की तो सोडत नाही. “घरातल्या समद्या डब्यांवर खरं लिव्हतीस,” तात्या उसळले, “मिठाच्या डब्यावर मिठाचं गाव सुदिक लिव्हतीस, आन हितंच तेवढं खोटं? श्रीखंड म्हणून उघडलं, आत बघतो तर सोन्याचं पीठ! माणसानं करायचं काय?”

“झाकण लावायचं!”

एवढा आवाज चढल्यावर रंगूबाईंची वाटी साखरेसाठी दारात हजर झाली. साखर कुणी दिली नाही, पण बातमी मिळाली. अर्ध्या तासात कॉलनीत कळलं की तात्यांनी कॅन्सरचं औषध जाळलं. हवालदारांनी त्यात भर घातली की थोडं खाल्लंही.

मॅडम मात्र वाटी घेऊन पायरीवर बसल्या होत्या. कुरियरनं येतं ते सोन्याचं मीठ पुन्हा मागवायचं तर यायला महिना. हात तयार होते. सोन्याला धरणारी ती पांढरी भुकटी कॉलेजच्या कपाटात मुबलक होती, आणि तिला थंडाव्याचे लाड लागत नव्हते. नव्हतं ते फक्त सोनं. आणि सोनं तर वाटीत होतं. तात्यांच्या हातचं, शंभर नंबरी. मॅडमना हसू आलं, पण ते त्यांनी दाबलं. तात्यांना इतक्यात सोडायचं नव्हतं.

“उद्या सकाळी माझ्याबरोबर चला,” त्या आत येऊन म्हणाल्या. “काढलंय तुम्ही, घालणार पण तुम्हीच.”

रविवारी वीज आली होती. प्रयोगशाळेत तात्यांना पांढरा कोट घालायला दिला, तो पोटावर मिटेना. चष्म्यावर दुसरा चष्मा, हातात मोजे. मदुराईत तात्या उघड्या तोंडानं तेजाबाच्या वाफेत बसायचे, त्याची खोकल्याची खूण अजून छातीत होती. इथं काचेच्या कपाटात पंखा वाफ ओढून घेत होता, ते तात्या वाकून वाकून बघत राहिले.

“हे मशिन तवा आसतं तर,” ते म्हणाले.

“तवा सांगितलं होतं मी. सातवीत होते. तुम्ही म्हणालासा, पोरीच्या जातीनं धंद्यात बोलू नये.”

मॅडमनी छोट्या काचेच्या भांड्यात तेजाब घेतलं, चिमटा त्यांच्या हातात दिला. चिमट्यात रवा. आणि तात्यांचा हात अडला.

“राजा,” ते म्हणाले. लेकीला ते लाडात आले की राजा म्हणत. “मी जन्मभर सोनं तेजाबात घातलं, ते परत काढाया घातलं. हितं घातलं की ते परत यायाचं न्हाई?”

“न्हाई.”

“दागिना न्हाई, नाणं न्हाई, काय न्हाई?”

“बशीतल्या पेशींवर जाईल. औषध झालंच कधी, तर माणसात जाईल.”

“आन न्हाईच झालं तर?”

“मग नाही झालं. दुसरे हात करून बघायचे.”

तात्यांनी रवा उजेडाकडं धरला. लेक सोनं वाया घालवते, हे ते वर्षभर कट्ट्यावर सांगत होते. आता त्यांनाच घालवायचं होतं.

“आईला मिरजेच्या दवाखान्यात काय चढवलं होतं, ठाऊक आहे ना?” मॅडमनी विचारलं. आवाज वर्गातला नव्हता.

“पाण्यागत हुतं. बाटलीत.”

“ते प्लॅटिनम होतं. गाठ निम्म्यावर आली होती, तात्या. किडनीनं मधेच नाही म्हटलं म्हणून थांबवावं लागलं. धातू बरोबर होता. पकड चुकत होती.”

चिमटा उघडला. रवा तळाला गेला, त्याच्या अंगावर बारीक बुडबुडे आले आणि बघता बघता तो लहान व्हायला लागला. तात्यांनी हे हजारदा बघितलं होतं. या वेळी मात्र त्यांनी, कुणाला तरी गाडीत बसवून द्यावं तसं, शेवटपर्यंत बघितलं.

पुढचं काम मॅडमचं. तेजाब उडवून लावायचं, सोन्याचं पिवळं पाणी निववायचं, मग पांढऱ्या भुकटीचं पाणी थेंबाथेंबानं सोडायचं. तात्या दर थेंबाला पुढं सरकायचे आणि मॅडम दर थेंबाला म्हणायच्या, “हात मागं.” दुपारी भांड्याच्या तळाला फिकट पिवळा साका बसला.

“रंग आला!” तात्या ओरडले.

“रंगावर भागत नाही.” मॅडमनी साका गाळला, धुतला, वाळवला. धुतला कितीदा, हे सांगायला नको. मग चिमूटभर घेऊन तापवून बघितला. उन्हाळ्यातला नमुना ज्या अंशाला वितळायचा, त्याच अंशाला हाही वितळला. पट्टीवर डाग उठवला, एकच उठला, म्हणजे भेसळ नव्हती. मॅडमनी केसांतली पेन्सिल काढली आणि बाटलीवर चिठ्ठी लिहिली. या वेळी खरी.

सोमवारी पहाटेच्या पुणे गाडीला त्या बसल्या तेव्हा स्टँडवर तात्या होते, रंगूबाई होत्या आणि ‘बंदोबस्ताला’ म्हणून हवालदार होते. बाटली बर्फाच्या डब्यात. रंगूबाईंनी डब्याला हळदीकुंकू लावायचा आग्रह धरला, मॅडमनी बाहेरून लावू दिलं. नमुना वेळेत पोचला, नंबर राहिला.

तात्या लगोलग गावाकडं गेले आणि विट्यापासून सगळ्या भागात सांगत सुटले, “लेकीच्या औषधात सोनं माज्या हातचं हाय. बाजारातलं चालत न्हाई त्याला.” डबा कसला होता, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. तेवढ्यासाठी आम्ही आहोत.

दिवाळीनंतर पुण्याचा अहवाल आला. कॉलनीला पेढ्यांची अपेक्षा होती. अहवाल असा होता की मॅडमच्या सोन्यानं कॅन्सरच्या पेशी मारल्या, पण प्लॅटिनमपेक्षा जास्त माप लागलं. मात्र चांगल्या पेशी पुष्कळ जगल्या, प्लॅटिनमच्या बशीत जगल्या त्याहून कितीतरी जास्त. केंद्रानं लिहिलं होतं की हात थोडे बदलून आणखी दोन-तीन नमुने पाठवा, पुन्हा तपासतो. हे औषध नव्हे, औषध व्हायला उंदरं, माणसं, कितीतरी वर्षं आणि नशीब लागेल, हे मॅडमनी सगळ्यांना स्वच्छ सांगितलं. आणि सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की पेढे आणलेच पाहिजेत असं कुणाला वाटलं नाही. पेढे तरी त्यांनी वाटले. डब्यावर लिहिलं होतं पेढे, आणि आत पेढेच होते. गावाहून परत आलेल्या तात्यांनी आधी उघडून खात्री करून घेतली.

संध्याकाळी मॅडम स्कूटर लावत होत्या. कट्ट्यावर हवालदार पेढा चघळत बसलेले. ते काय गप्प राहणार?

“मॅडम, एक समजत नाही बघा. तात्यांनी जन्मभर सोनं वेगळं काढलं, तुम्ही जन्मभर परत मिसळताय. बापलेकीच्या हिशेबात निघालं काय शेवटी?”

मॅडमनी स्कूटर स्टँडला लावली, पेन्सिल केसांत घट्ट केली आणि म्हणाल्या, “जयराजभाऊ, वेगळं काढलेलं सोनं तुमच्यासारखं नुसतं बसून राहतं. माझं कामाला जातं.”